टोरंटोतील नवे बिऱ्हाड : लेखांक ६ – घराआधी वाट

गेल्या लेखांकात भाडेकरार, शेवटच्या महिन्याचे आगाऊ भाडे आणि घरमालकाच्या अधिकारांच्या मर्यादा यांचा विचार झाला. परंतु करारावर सही करण्यापूर्वी जी चौकशी अवश्य व्हावी, आणि जी बहुधा सही झाल्यावरच सुचते, ती म्हणजे त्या घरापासून कचेरीत, बाजारात आणि दवाखान्यात मोटारीवाचून कसे जाता येईल ही होय. मोटार घेणे म्हणजेच नव्या देशात स्थिरावणे, अशी आपल्यापैकी पुष्कळांची समजूत असते. माझ्या मते पहिल्या वर्षी तरी ती बाजूस ठेवावी आणि वाहतुकीची सोय पाहून मगच घर निवडावे.

टोरंटो शहराच्या हद्दीत ही निवड फारशी अवघड नाही. कॅनडातील पहिली भुयारी आगगाडी ३० मार्च १९५४ रोजी याच शहरात, युनियन स्थानकापासून एग्लिंटनपर्यंत सुरू झाली. १९६६ साली तिला पूर्व-पश्चिम मार्गाची जोड मिळाली. मुंबईतून जी ट्राम १९६४ साली कायमची गेली ती येथे आजही मध्यवर्ती रस्त्यांवरून धावते, आणि सरळ, लांबलचक हमरस्त्यांवर जाणाऱ्या बसगाड्या प्रवाशाला भुयारी स्थानकांपर्यंत आणून पोचवितात. प्रेस्टो नावाचे कार्ड यंत्राला लावले की प्रौढ माणसाचे ३ डॉलर ३० सेंट वळते होतात. त्यानंतर दोन तासांच्या मुदतीत बस, ट्राम आणि भुयारी गाडी यांपैकी कशातूनही, कोणत्याही दिशेने, वाटेत उतरून बाजारहाट करूनसुद्धा, पुन्हा भाडे न देता प्रवास करण्याची मुभा असते. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना भाडे पडत नाही. मात्र ट्राममध्ये चढताना कोणी तिकीट विचारले नाही म्हणून कार्ड लावण्याची हयगय करू नये; तपासनीस वाटेत केव्हाही येतो आणि दंड जागच्या जागी आकारला जातो.

खरी परीक्षा शहराची वेस ओलांडल्यावर सुरू होते. भाडी काहीशी कमी, घरे प्रशस्त आणि ओळखीची माणसे जवळ, म्हणून आपल्यापैकी अनेकांची बिऱ्हाडे मिसिसागा आणि ब्रॅम्प्टन या उपनगरांत पडतात. तेथून शहरात नेणारी गो ही आगगाडी १९६७ साली सुरू झाली. नकाशावर तिची रेघ घराजवळून गेलेली दिसली म्हणजे नवागत निर्धास्त होतो, आणि येथेच त्याची फसगत होण्याचा संभव असतो. मिसिसागातील कुक्सव्हिल, एरिंडेल, मेडोवेल या स्थानकांवरून जाणारा मिल्टन मार्ग पाहा. त्याचे रूळ मालगाड्या चालविणाऱ्या एका खाजगी रेल्वे कंपनीच्या मालकीचे आहेत. सबब प्रवासी गाड्यांच्या वाट्याला कामाच्या दिवशी सकाळी शहराकडे जाणाऱ्या आणि सायंकाळी परत येणाऱ्या मोजक्या फेऱ्याच येतात, शनिवार-रविवारी गाडीच नसते आणि बसवर भिस्त ठेवावी लागते. दर चार-पाच मिनिटांनी लोकल पाहण्याची ज्याला सवय आहे त्याला हे सहसा आधी सुचत नाही. म्हणून स्थानकाचे अंतर मोजण्यापूर्वी रविवारचे आणि रात्री नऊनंतरचे वेळापत्रक वाचावे. फेब्रुवारी २०२४ पासून उपनगरी बस, गो आणि टोरंटोची वाहने यांत बदल करताना दुहेरी भाडे पडत नाही, ही सुधारणा मोलाची आहे. मात्र गोमधून उतरतानाही कार्ड यंत्राला लावावे लागते, हे विसरू नये.

आता मोटारीविषयी. ओंटारिओत वास्तव्यास आल्यापासून ६० दिवसच आपला भारतीय परवाना चालतो. त्यानंतर लेखी परीक्षा देऊन जी-१ हा शिकाऊ परवाना घ्यावा लागतो, आणि शेजारी निदान चार वर्षांचा अनुभव असलेला परवानाधारक बसविल्यावाचून गाडी चालविता येत नाही. पुढच्या रस्त्यावरील परीक्षेसाठी साधारणतः १२ महिने थांबावे लागते. परंतु भारतातील अनुभव मान्य करून घेता येतो. एका वर्षाहून अधिक अनुभव मांडावयाचा असल्यास परवाना देणाऱ्या कार्यालयाचे पत्र लागते. ते पत्र भारतातून निघण्यापूर्वीच आपल्या प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडून मागून घ्यावे. येथे येऊन नातेवाइकांकरवी ते मिळविण्याची तजवीज करण्यात महिने जातात. विम्याचा हप्ता तर अनेकांच्या अंदाजापलीकडचा असतो, कारण येथील विमाइतिहास कोरा असतो आणि राहत्या पत्त्यावरूनही दर ठरतो; तरीही विम्यावाचून गाडी रस्त्यावर आणू नये, पहिल्याच गुन्ह्याचा किमान दंड ५,००० डॉलर आहे. नियमांपैकी दोन मनावर कोरून ठेवावेत. शाळेच्या बसचे लाल दिवे लुकलुकत असता, मधे दुभाजक नसेल तर समोरून येणाऱ्यानेसुद्धा थांबावयाचे. आणि ट्राममधून माणसे रस्त्यावर उतरत असता तिच्या मागच्या दारापासून दोन मीटर मागे उभे राहावयाचे.

परंतु या सर्वांहून मला ज्याची अधिक काळजी वाटते तो प्रश्न घरी राहणाऱ्या माणसाचा आहे. नोकरी करणारा सकाळी घरातील एकुलती एक मोटार घेऊन जातो, आणि दिवसभर मागे राहते ती परवाना नसलेली पत्नी, किंवा नातवंडांसाठी काही महिन्यांकरिता आलेले आईवडील. पुण्यात ज्या आई रोज आपल्या आपण भाजीला, देवळात, मैत्रिणीकडे जात होत्या, त्यांना येथे साध्या औषधासाठी मुलगा परत येण्याची वाट पाहावी लागते. बसथांबा दीड किलोमीटरवर, बस अर्ध्या तासाने एक, आणि जानेवारीत पारा शून्याखाली पंधरा अंश. अशा घरांत उद्भवणारे उदासपण पुष्कळदा हवामानाच्या माथी मारले जाते. वस्तुतः त्याचे मोठे कारण पत्त्यात असते. मोठे स्वयंपाकघर आणि जादा खोली यांच्या मोबदल्यात घरातील एका माणसाचे स्वातंत्र्य जात असेल, तर तो व्यवहार मी तोट्याचाच मानीन. भुयारी स्थानकापासून पायी दहा मिनिटांवरील लहान सदनिका त्याहून शंभर पटींनी बरी.

म्हणून वाचकांना आग्रहाची विनंती आहे की, करारावर सही करण्यापूर्वी एका रविवारी घरातील ज्या माणसाजवळ परवाना नाही त्याला बरोबर घ्यावे, त्या नियोजित घराच्या दारापासून बसने किराणा दुकान आणि ग्रंथालय गाठून परत यावे, आणि ते घर घ्यावयाचे की नाही हे त्यालाच ठरवू द्यावे.