बंद गाडी न्यूट्रलमध्ये कशी आणायची?

मागच्या पावसाळ्यात पहाटे आमच्या गल्लीत १०८ ची गाडी आली. आत एका घरी सुनेला कळा सुरू झालेल्या, आणि बोळाच्या तोंडाशी आमच्या गटातल्या एका ताईंची कार बॅटरी उतरून उभी. गाडी चालवणारा मुलगा परगावी. किल्ली घरातच होती, पण पुढे काय करायचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. आम्ही दहा-बारा जणींनी लोटून पाहिलं, कार तसूभर हलली नाही. शेवटी सुनेला खुर्चीत बसवून चिखलातून रस्त्यापर्यंत नेलं. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. पण नंतर मेकॅनिक म्हणाला, "ताई, गाडी गिअरमध्ये होती. मिनिटाचं काम होतं." मग आम्ही ते बैठकीत शिकून घेतलं. तेच आज सांगतोय.

गाडी गिअरमध्ये असली की चाकं इंजिनला जोडलेली राहतात, म्हणून लोटता येत नाही. न्यूट्रल केलं की हा जोड सुटतो. पण जोड सुटलेली गाडी उतारावर आपोआप पळते. म्हणून आधी उताराच्या अंगाला चाकांना मोठे दगड लावा आणि हँडब्रेक ओढा.

आता साधी गिअरची गाडी. किल्ली घालून फिरवा, म्हणजे स्टिअरिंगचं कुलूप सुटेल. उजवा पाय ब्रेकवर ठेवा, डाव्या पायाने क्लच पूर्ण दाबा आणि गिअरचा दांडा मधोमध आणा. तो डावी-उजवीकडे सैल हलला की झालं न्यूट्रल. याला बॅटरी लागत नाही. दांडा अडकला तर हिसडे मारू नका. क्लच सोडून पुन्हा दाबा. तरीही सुटला नाही आणि जागा सपाट असेल, तर हँडब्रेक व पायाचा ब्रेक सैल करून बाहेरच्यांनी गाडी किंचित मागेपुढे हलवावी. दातांवरचा ताण सुटतो. उतारावर मात्र हे करू नका, मेकॅनिकला बोलवा.

ऑटोमॅटिक गाडीत क्लचचं पेडल नसतं. बॅटरी उतरली की बऱ्याचदा दांडा 'पी'वर अडकतो. बऱ्याच गाड्यांत दांड्याजवळ छोटं झाकण असतं. ब्रेकवर पाय ठेवून झाकण काढा, आतली खटकी दाबा आणि दांडा 'एन'वर आणा. झाकण सापडलं नाही तर गाडीबरोबर मिळालेलं पुस्तक पाहा. हँडब्रेक बटणाचा असेल तर तो बॅटरीशिवाय सहसा सुटत नाही, तिथे जाणकारच हवा.

लोटताना एक जण आत बसलेलीच हवी. इंजिन बंद असताना ब्रेक दोन-तीनदा दाबला की कडक होतो, स्टिअरिंगही जड लागतं, म्हणून जोर लावावा लागतो. दगड काढले की मागूनच लोटा, पुढे कुणी उभं राहू नये, मुलांना दूर ठेवा. उतारावर लोटूच नका. गाडी बाजूला लागली की हँडब्रेक, दगड आणि मग पुन्हा गिअर.

पुढच्या बैठकीत सपाट अंगणात, बंद गाडीत, प्रत्येकीने दांडा एकदा हलवून पाहा. आणि बोळात गाडी लावणाऱ्यांनी किल्ली कुठे असते ते शेजारणीला सांगून ठेवा. आमच्या गल्लीत आता तसा नियमच आहे.