बोहाडा: भिंतीवरचा मुखवटा नाचतो तेव्हा

वटारलेले डोळे, भडक रंग, मोठाली तोंडं. असे आदिवासी मुखवटे तुम्ही एखाद्या हॉटेलच्या भिंतीवर किंवा इन्स्टाग्रामवर नक्की पाहिले असतील. अनेकांना ते ओबडधोबड वाटतात. वाटणारच, कारण ते घडवलेत नाचण्यासाठी आणि आपण ते बघतो खिळ्याला टांगलेले.

पालघरच्या जव्हार-मोखाड्यात आणि नाशिकच्या पेठ-सुरगाणा पट्ट्यात होळीनंतर, उन्हाळ्यात गावोगावी बोहाडा होतो. कोकणा, वारली, महादेव कोळी अशा समाजांचा हा रात्रभर चालणारा उत्सव. देव-दानवांची 'सोंगं' एकामागून एक नाचत येतात. सुरुवातीला गणपती आणि सरस्वती, मग खंडेराव, नरसिंह, रावण असे कितीतरी. साथीला संबळ आणि पिपाणी. शेवटच्या पहाटे देवी महिषासुराला मारते.

आता गंमत बघा. लाकडी मुखवटा चांगलाच जड असतो. तो डोक्याला घट्ट बांधला की मान झटकन वळत नाही, वळायचं तर अख्खं अंग वळवावं लागतं. भोकातून दिसतंही थोडंच. त्यामुळे पावलं जपून पडतात आणि सोंग खांद्यापासून डोलू लागतं. रावणाची तोंडं आडवी पसरलेली, त्याला नाचायला जागा जास्त लागते. कागदाच्या लगद्याचा मुखवटा हलका, त्यात पाय मोकळे होतात. म्हणजे नाच कसा होणार हे निम्मं शिल्पच ठरवतं. त्यात टेंभ्याचा उजेड हलता, म्हणून खोल कोरलेल्या चेहऱ्यावर सावल्या सरकतात आणि बघणाऱ्याला डोळे फिरल्यासारखे वाटतात. हॅलोजनच्या झोतात यातलं फारसं काही उरत नाही.

जर्मन कलाकार ऑस्कर श्लेमरने १९२२ साली श्टुटगार्टमध्ये 'ट्रायाडिक बॅले' आणला. नर्तकांच्या अंगावर गोल, कडक, शिल्पासारखे पोशाख होते आणि पोशाख हलू देईल तेवढाच नाच. आधुनिक कलेच्या पुस्तकांत त्याला मानाचं पान आहे, ते योग्यच. बोहाड्याला मात्र आपण 'लोककला' म्हणून वेगळ्या कप्प्यात टाकून मोकळे होतो.

शहरातल्या गिऱ्हाइकामुळे मुखवटे करणाऱ्या हातांना चार पैसे मिळतात, हे चांगलंच. पण भिंतीवरच्या मुखवट्यातून बाहेरचं दिसलं नाही तरी कुणाचं अडत नाही. विकत घेताना तो एकदा उलटा करून बघा. आत माणसाचं तोंड मावेल एवढी पोकळी आहे का? बघायला भोकं आहेत का? आणि बांधायला जागा?