तवशांच्या फेस्ताचं चर्च आणि चुन्याचा धडा

जुलै सरता सरता लावणी उरकत येते आणि वेलाला तवशी धरू लागतात. याच दिवसांत गोव्याच्या तिसवाडी तालुक्यातल्या तळावली गावात सांत आनाचं फेस्त भरतं. सांत आना म्हणजे येशूची आजी, मारियेची आई. तिचा सण २६ जुलैचा. मूलबाळ नसलेली जोडपी या फेस्ताला तवशी वाहतात, म्हणून लोकांच्या तोंडी याचं नाव तवशांचं फेस्त. तवसंच का? पोर्तुगीज भाषेत काकडीला 'पेपिनो' आणि मुलाला 'मेनिनो' म्हणतात. यमक जुळलं आणि प्रथा रुजली. बायको हवी असेल त्याने चमचा वाहायचा, नवरा हवा असेल तिने उडीद, त्यामागेही अशीच यमकं आहेत. या नवसाला धर्माची अट नाही, हिंदू जोडपीही येतात.

फेस्ताइतकीच ती इमारतही बघण्यासारखी आहे. जुन्या गोव्याच्या दक्षिणेला, गोवा वेल्ह्याजवळ हे गाव. आजच्या चर्चचं काम फ्रान्सिस्को द रेगो या गोमंतकीय पाद्रीने १६८१ साली सुरू केलं आणि आंतोनियो फ्रान्सिस्को द कुन्या या पाद्रीने १६९५ साली पुरं केलं. पाच मजली दर्शनी भिंत, दोन्ही अंगांना चौकोनी मनोरे, कोनाड्यांवर शिंपल्याची नक्षी. भिंती इतक्या जाड, की त्यांच्या पोटातून माणूस चालेल अशी वाट ठेवलेली आहे. पापनिवेदनासाठी कुणाच्या नजरेस न पडता जाता यावं, म्हणून ती सोय असं सांगतात.

या शैलीला 'बरोक' म्हणतात. हा शब्द वेड्यावाकड्या मोत्यासाठी असलेल्या पोर्तुगीज शब्दावरून आला, असं मानतात. १७व्या शतकात रोमकडे बहरलेली ही पद्धत. भरगच्च नक्षी, उंच कमानी, बघणाऱ्याचा जीव दडपावा असा थाट. पण गोव्यात आल्यावर तिला इथल्या मातीशी जुळवून घ्यावं लागलं. जोझे परेरा या गोमंतकीय अभ्यासकाने १९९५ साली गोव्याच्या बरोक वास्तुकलेवर ग्रंथच लिहिला.

जुळवून घेतलं कसं, ते बघा. आपल्याकडे दगड जांभा. खाणीतून काढताना मऊ, वारा लागला की कडक. पण अंगाने सच्छिद्र, त्यामुळे त्यावर बारीक कोरीवकाम होत नाही. मग इथल्या गवंड्यांनी नक्षी दगडात न कोरता चुन्याच्या गिलाव्यात काढली. चुना तरी कुठला? समुद्रातले शिंपले भाजून केलेला. म्हणजे कल्पना परदेशची, पण चिरा, चुना आणि हात इथले.

चुना नुसता शोभेला नाही. जांभा पाणी पितो. चार महिने पाऊस झोडपतो, भिंत ओल धरते. वरचा चुन्याचा थर ती ओल हळूहळू बाहेर सोडतो. गिलावा झडला किंवा कौलं सरकली, की पाणी थेट आत मुरतं. म्हणूनच दर वर्षी पावसाळ्यानंतर चुना काढायचा, कौलं फेरायची, ही जुनी रीत. वरवर किरकोळ वाटणाऱ्या या कामावरच इमारतीचं आयुष्य ठरतं.

ती रीत मोडली तर काय होतं, ते जवळच जुन्या गोव्यात दिसतं. तिथे सांत आगुस्तीनचं भव्य चर्च होतं. १८३५ साली पोर्तुगीज सरकारने धर्मसंघांना काढून टाकलं आणि त्या वास्तूला वाली उरला नाही. अवघ्या सात वर्षांत, १८४२ साली, छत कोसळलं. १९३१ साली दर्शनी भिंत आणि मनोऱ्याचा अर्धा भाग पडला. आज मूळ ४६ मीटर उंचीच्या मनोऱ्याचा उभा तुकडा तेवढा शिल्लक आहे. ते चर्च पुढून कसं दिसत असेल याचा अंदाज घ्यायला अभ्यासक सांत आनाच्या चर्चकडे बोट दाखवतात. जांभा तोच, चुना तोच, पाऊसही तोच. फरक एवढाच, की तळावलीचं चर्च गावाचं राहिलं. दर रविवारी दार उघडतं, दर जुलैला तवशी येतात, गळती कुणाच्या तरी नजरेस पडते.

सरपंच, ग्रामसेवक आणि देवस्थानचे पंच यांनी इथे लक्ष द्यावं. आपल्या गावातलं जुनं देऊळ, घुमटी, धर्मशाळा हीही बहुधा जांभ्या-चुन्याचीच असते. जीर्णोद्धार निघाला की पहिला विचार सिमेंटचा होतो. दिसायला पक्कं, पण सिमेंटचा थर ओल आत कोंडतो. मग आतला दगड भुसभुशीत होतो आणि गिलावा पापुद्र्यासारखा सुटतो. तेव्हा अंदाजपत्रकावर सही करण्याआधी चुन्याचं काम जाणणारा गवंडी गाठा. वास्तू संरक्षित असेल तर पुरातत्त्व खात्याची परवानगी आधी घ्या. पावसाआधी कौलं, पागोळ्या आणि पन्हळी तपासा, भिंतीवर उगवलेलं पिंपळाचं रोप लहान असतानाच काढा. यातल्या बऱ्याच कामांना पैसा कमी आणि लक्ष जास्त लागतं.