नात्यातील लग्ने आणि मुलांमधील जन्मजात दोष

घरात मुलगा लग्नाला आला की आपल्या घोडेगाव परिसरात पहिली नजर मामाच्या घराकडे जाते. "मामाची पोर असताना बाहेर कशाला हिंडायचे?" असे वडीलधारी माणसे सहज बोलून जातात. त्यामागे वाईट हेतू नसतो. मुलगी लहानपणापासून पाहिलेली असते, देण्याघेण्याची ओढाताण होत नाही, सासू म्हणजे सख्खी आत्या, तेव्हा लेकीला जाच होणार नाही, अशी आशा असते. ही चाल आपल्या बोलीतही मुरलेली आहे. सून सासऱ्याला मामंजी आणि सासूला आत्याबाई म्हणते, मग नाते असो वा नसो.

इरावती कर्वे यांनी १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय नातेसंबंधांवरील आपल्या ग्रंथात महाराष्ट्राला उत्तर आणि दक्षिण यांच्या मधला प्रदेश मानले आहे. उत्तरेत नात्यात लग्न वर्ज्य, दक्षिणेत ते पसंतीचे, आणि आपल्याकडे मामाची मुलगी चालते पण आतेबहीण, चुलत व मावस बहीण सहसा चालत नाही. १९९२-९३ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतही हेच चित्र दिसले. नात्यातील लग्नांचे प्रमाण तमिळनाडूत सर्वांत जास्त, उत्तरेत नगण्य आणि महाराष्ट्रात दोहोंच्या मधले होते.

परंतु रूढी जुनी आहे म्हणून ती निर्धोक ठरत नाही. यात विज्ञान काय सांगते ते सोप्या भाषेत समजून घेऊ.

दोष लपून कसा राहतो?

आपल्या शरीराची घडण जनुकांवर अवलंबून असते. बहुतेक जनुकांच्या जोड्या असतात. जोडीतील एक आईकडून येतो, दुसरा बापाकडून. एखाद्या जोडीतील एक जनुक सदोष असला तरी पुष्कळदा दुसरा चांगला जनुक काम निभावून नेतो. त्या माणसाला काहीच त्रास होत नाही. तो फक्त वाहक असतो. असे थोडेफार लपलेले दोष प्रत्येक माणसात असतात, आपणा सर्वांतही आहेत. मात्र आई व बाप दोघेही एकाच दोषाचे वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणात मूल आजारी निपजण्याची शक्यता चारांत एक, म्हणजे २५ टक्के असते. पहिले मूल आजारी झाले म्हणून पुढची तीन चांगली होतील, असा हिशेब येथे चालत नाही. दर वेळी चिठ्ठी नव्याने निघते.

परक्या घरातील दोन माणसांत नेमका तोच दोष असणे अवघड. मामेबहीण आणि आतेभाऊ यांचे आजी-आजोबा मात्र एकच असतात. समजा, आजोबांत एक लपलेला दोष आहे. तो त्यांच्या अपत्यात उतरण्याची शक्यता निम्मी आणि नातवंडात उतरण्याची चारांत एक. दोन्ही नातवंडांत तो असण्याची शक्यता सोळांत एक, आणि त्यांच्या मुलाला तो दोन्हीकडून मिळून आजार होण्याची शक्यता ६४ मध्ये एक. आजीकडचा असाच एक वेगळा दोष धरला तर दोन्ही मिळून ३२ मध्ये एक, म्हणजे सुमारे तीन टक्के.

प्रत्यक्ष पाहणीतही साधारण असेच आढळले. इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड शहरात अकरा हजारांहून अधिक बाळांचा अभ्यास झाला व तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. जन्मजात दोषांचे प्रमाण एरवी सुमारे तीन टक्के, तर सख्ख्या चुलत, मामे, मावस भावंडांच्या लग्नात ते सहा टक्क्यांच्या आसपास, म्हणजे दुप्पट आढळले. याचा दुसरा अर्थही ध्यानात घ्यावा. अशा शंभर बाळांपैकी सुमारे ९४ बाळांत असा दोष आढळत नाही. म्हणूनच "आमच्या घरात तर काही झाले नाही" असे अनेकजण सांगू शकतात, आणि ते खोटेही नसते. पण ज्याच्या घरी जन्मतः बहिरे मूल येते, ज्याची नजर वाढत्या वयाबरोबर मंदावते, ज्याला महिन्या-महिन्याला रक्त चढवावे लागते, त्या घराला टक्केवारीचे समाधान कोठून मिळणार?

काही गैरसमज

पहिला गैरसमज असा की, मामाची मुलगी "वेगळ्या कुळातली" म्हणून चालते. कूळ आणि आडनाव वेगळे असले तरी रक्ताचे अंतर वेगळे नसते. चुलत, मावस, आते व मामे ही सर्व भावंडे सारख्याच अंतरावर आहेत. त्यांच्यात सरासरी एक-अष्टमांश जनुके समान असतात. मामा-भाचीच्या लग्नात, जे दक्षिणेत काही ठिकाणी होते, हा वाटा एक-चतुर्थांश होतो. पिढ्यान्‌पिढ्या नात्यातच लग्ने होत राहिली तर धोका आणखी वाढतो. उलट, नात्यातल्या जोडप्याच्या मुलाने बिननात्यात लग्न केले की पुढच्या पिढीचा धोका पुष्कळसा इतरांइतकाच होतो.

आपला भाग जनावरांच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. एकाच वळूची पैदास त्याच्याच कालवडींवर लावू नये, हे जाणत्या पशुपालकाला सांगावे लागत नाही. माणसाची जनावराशी बरोबरी करण्याचा आमचा हेतू नाही. गोठ्यात जी दक्षता आपण पाळतो ती घरात का नको, एवढेच विचारायचे आहे.

दुसरा गैरसमज अधिक क्रूर आहे. मूल अपंग जन्मले की दोष आईच्या माथी मारला जातो. कोणी करणी म्हणतो, कोणी ग्रहण, कोणी साडेसाती, तर कोणी मागच्या जन्मीचे पाप. असा आजार होण्यासाठी दोघांकडूनही जनुक यावा लागतो. मग एकट्या आईला बोल कशासाठी? सून बदलून किंवा गंडेदोरे बांधून जनुक बदलत नाही.

आपल्या समाजाचा प्रश्न

सिकलसेल हा रक्ताचा आजार याच पद्धतीने उतरतो. १९५८ साली शुक्ला व सोळंकी या डॉक्टरांनी मध्य भारतातील सिकलसेलविषयीचा लेख 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. विदर्भात आदिवासी जमातींप्रमाणेच आपल्या समाजातही वाहकांचे प्रमाण लक्षणीय आहे. येथे नवरा-बायको नात्यातले असण्याचीही गरज नसते. दोघेही वाहक असले की पुरे. एकाच जातीत वर्षानुवर्षे लग्ने होत राहिली की ती जातही एक मोठे भावकीचे वर्तुळ बनते. जातीअंतर्गत विवाह हेच जातीचे मर्म आहे, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात दाखवून दिले आणि १९३६ साली आंतरजातीय विवाह हाच खरा उपाय असल्याचे सांगितले. त्यांचा मुद्दा सामाजिक होता. आरोग्याच्या दृष्टीनेही त्याच वाटेने आपले भले आहे.

कायदाही ठाऊक असावा. १९५५ चा हिंदू विवाह कायदा बौद्धांनाही लागू आहे. त्यात भाऊ-बहिणीची, दोन भावांची वा दोन बहिणींची मुले ही निषिद्ध नात्यात मोडतात. दोन्ही पक्षांत तशी मान्य रूढी असेल तरच सूट मिळते.

आपण काय करावे?

लग्न ठरवण्यापूर्वी पत्रिकेऐवजी रक्ताचा अहवाल पाहावा. सिकलसेल व थॅलेसेमियाची तपासणी साध्या रक्तचाचणीने होते. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीमही सुरू केली. वाहक असणे म्हणजे आजारी असणे नव्हे. वाहकाने दुसऱ्या वाहकाशी लग्न टाळावे, एवढेच.

ज्यांची नात्यात लग्ने झाली आहेत त्यांनी घाबरू नये आणि इतरांनी त्यांना हिणवू नये. गरोदरपणाच्या सुरुवातीलाच डॉक्टरांना नाते सांगावे. घराण्यात कोणी मुके-बहिरे, मतिमंद असेल किंवा लहानपणी मुले दगावली असतील तर तेही लपवू नये. पाचव्या महिन्याच्या सुमारास सोनोग्राफी करावी. बाळ जन्मल्यावर त्याला ऐकू येते का, हे लवकर तपासून घ्यावे. बहिरेपण वेळीच कळले तर यंत्र व प्रशिक्षणाने मूल बोलू शकते.

विद्यार्थी मित्रांना एक विनंती. आपल्या घराण्याचा तीन पिढ्यांचा तक्ता काढा. कोणाचे लग्न कोणत्या नात्यात झाले, कोणाला कोणता आजार होता, हे आजीला विचारून लिहून ठेवा. पुढे बहीण-भावाच्या लग्नाची बोलणी निघतील तेव्हा तो कागद बैठकीत ठेवा. मामाशी असलेली माया लग्नावाचूनही टिकते. येणाऱ्या बाळाचे आरोग्य मात्र एकदा हातचे गेले की परत आणता येत नाही.