शिवारांची नावे

आयर्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, वॉटरफर्ड परगण्यात, आर्डमोर नावाचे एक लहानसे खेडे आहे. समोर वाळूचा लांब किनारा, मागे हिरवी कुरणे आणि चढावर एक निमुळता दगडी मनोरा. हा मनोरा बाराव्या शतकातील असून त्याची उंची सुमारे ३० मीटर आहे. उन्हाळ्यात येथे प्रवासी येतात, समुद्रस्नान करतात, मनोरा पाहतात आणि परत जातात. परंतु या गावाचा आणखी एक जुना ठेवा आहे. तो डोळ्यांना दिसत नाही, कानांनी ऐकावा लागतो. तो ठेवा म्हणजे येथील शिवारांची नावे.

आयर्लंडची भूमी फार पूर्वीपासून लहानमोठ्या शिवारांत विभागलेली आहे. अशा शिवारास इंग्रजीत ‘टाउनलँड’ म्हणतात. एखादे शिवार दोनचार शेतांएवढे, तर एखादे हजारो एकरांचे असते. साऱ्या बेटावर त्यांची संख्या ६०,००० हून अधिक भरते. खेड्यांतील पुष्कळ घरांचा पत्ता आजही शिवाराच्या नावाने सांगतात.

ही नावे मूळची आयरिश भाषेतील आहेत. ‘आर्ड’ म्हणजे उंचवटा आणि ‘मोर’ म्हणजे मोठा. हा मोर आपला पिसारा फुलविणारा पक्षी नव्हे! समुद्रात घुसलेल्या उंच भूशिरामुळे गावाला हे नाव मिळाले. जवळच ‘डायझर्ट’ नावाचे शिवार आहे. त्याचा अर्थ एकांतस्थान. संत डेक्लन उतारवयात येथे एकांतवासात राहिले, अशी परंपरा आहे. त्यांच्या नावाची विहीर व भग्न प्रार्थनामंदिर तेथे अजून आहे. ‘डफकॅरिक’ म्हणजे काळा खडक, तर ‘फॅरनगॅरेट’ म्हणजे गॅरेटची जमीन. एका नावात भूमीचे रूप आहे, दुसऱ्यात माणसाची स्मृती.

इंग्रजांच्या अमलात, १८२४ साली, करआकारणी न्याय्य व्हावी म्हणून सर्व बेटाची मोजणी सुरू झाली. ती १८४६ पर्यंत चालली. जॉन ओडोनोव्हन या विद्वानाने गावोगाव हिंडून वृद्ध शेतकऱ्यांच्या तोंडचे उच्चार ऐकले, जुनी हस्तलिखिते तपासली आणि नावांचे अर्थ टिपून ठेवले. नकाशावर मात्र इंग्रजी अक्षरांत बसतील अशी रूपे छापली गेली. त्याच सुमारास, १८४५ साली, बटाट्याच्या पिकावर रोग पडून भीषण दुष्काळ आला. सुमारे दहा लाख माणसे मेली, तितकीच देशोधडीला लागली. त्यांत आयरिश बोलणारे गरीब लोक फार होते. भाषा मागे हटली. नावे जागच्या जागी राहिली, पण त्यांचा अर्थ पुष्कळांना कळेनासा झाला.

पुढे पॅट्रिक पॉवर या धर्मगुरूंनी वॉटरफर्ड भागातील शिवारे पालथी घातली. आयरिश जाणणारी जुनी माणसे अजून हयात होती. त्यांना विचारून पॉवर यांनी शेतांची, खडकांची व झऱ्यांचीही नावे गोळा केली आणि १९०७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. ती माणसे गेल्यानंतर हे काम कोणालाही करता आले नसते.

आर्डमोरच्या शेजारच्या रिंग व ओल्ड पॅरिश या भागांत आयरिश भाषा आजही बोलली जाते. रस्त्यांवरील पाट्यांवर गावाचे नाव दोन्ही भाषांत लिहिलेले असते. ‘डफकॅरिक’ हा शब्द परक्याला नुसता ध्वनी वाटतो; ज्याला आयरिश येते, त्याला त्या शब्दात काळा खडक दिसतो.