मारहाणीबद्दलची बडतर्फी आणि लवादापुढील प्रश्न

कामगारास कामावरून दूर करण्याची जी अनेक कारणे असतात, त्यांत मारहाण हे वरकरणी सर्वांत सोपे कारण वाटते. ज्याने हात उचलला त्यास कारखान्यात स्थान नाही, असे म्हणण्यास फारसा विचार करावा लागत नाही. परंतु असे प्रकरण लवादापुढे आले म्हणजे या एका वाक्यात तीन निरनिराळे प्रश्न दडलेले आहेत, हे ध्यानात येते. घडलेल्या कृत्याचा कामाशी संबंध होता काय? ते कृत्य न्याय्य रीतीने सिद्ध झाले काय? आणि सिद्ध झाले असल्यास बडतर्फीची शिक्षा त्याच्या प्रमाणात होती काय? हे प्रश्न एकमेकांत मिसळले, तर कधी कामगारावर आणि कधी मार खाणारावर अन्याय होतो.

विवेचनाच्या सोयीसाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. ठाणे जिल्ह्यातील भाईंदर पूर्व येथे खाडीच्या काठी जेसल पार्क ही वस्ती आहे. भाईंदर स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांच्या लहान कारखान्यांसाठी प्रसिद्ध आहे. अशा एका कारखान्यात बारा वर्षे निष्कलंक नोकरी केलेल्या कामगाराचे जादा काम मुकादमाने बंद केले. पाळी सुटल्यावर तासाभराने जेसल पार्कच्या चौपाटीवर दोघांची गाठ पडली, शब्दाने शब्द वाढला आणि कामगाराने मुकादमास मारले. मालकाने चौकशी केली. त्या चौकशीत मालकाच्या शेजारी मुकादमही बसला होता. कामगार बडतर्फ झाला. पुढे उभय पक्षांनी प्रकरण लवादाकडे सोपविले. या लवादाने काय करावे?

प्रथम त्याच्या अधिकाराचा विचार केला पाहिजे. १९४७ च्या औद्योगिक कलह अधिनियमात ऐच्छिक लवादाची तरतूद करणारे कलम १०-क १९५६ च्या दुरुस्तीने आले. त्या काळी बडतर्फीच्या बाबतीत न्यायाधिकरणाचे क्षेत्र मर्यादित होते. इंडियन आयर्न अँड स्टील कंपनीच्या १९५८ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेपाची चार कारणे सांगितली : सद्भावाचा अभाव, सूडबुद्धी अथवा अनुचित कामगार प्रथा, मूलभूत चूक अथवा नैसर्गिक न्यायाचा भंग, आणि पुराव्याचा आधार नसलेला अथवा विपरीत निष्कर्ष. शिक्षा किती असावी हे ठरविणे सामान्यतः मालकाच्या हाती राहिले. १५ डिसेंबर १९७१ पासून कलम ११-क अमलात आले आणि ही स्थिती पालटली. पुरावा नव्याने तपासण्याचा व बडतर्फीऐवजी सौम्य शिक्षा देण्याचा अधिकार न्यायाधिकरणास मिळाला. या कलमात लवादाचा नामनिर्देश नव्हता. तथापि गुजरात स्टील ट्यूब्सच्या १९७९ च्या निर्णयात बहुमताने असे ठरले की, कलम १०-क खालील लवादासही हा अधिकार आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून १९४७ च्या अधिनियमाची जागा औद्योगिक संबंध संहिता, २०२० हिने घेतली. ऐच्छिक लवाद आता तिच्या कलम ४२ मध्ये, तर बडतर्फीच्या प्रकरणी योग्य तो दिलासा देण्याचा न्यायाधिकरणाचा अधिकार कलम ५० मध्ये आहे. कायद्याचे नाव बदलले, तरी पूर्वीच्या निर्णयांतील विचारसरणी अभ्यासकास टाळता येत नाही.

आता पहिला प्रश्न. चौपाटी हे कारखान्याचे आवार नव्हे. मग तेथील मारहाण हे कामावरील गैरवर्तन ठरते काय? टाटा ऑइल मिल्सच्या १९६४ च्या प्रकरणात कामावरून घरी परतणाऱ्या एका चार्जहँडवर कारखान्याबाहेर हल्ला झाला होता. सरन्यायाधीश गजेंद्रगडकर यांच्या निर्णयात असे तत्त्व मांडले गेले की, दोन कामगारांतील निव्वळ खाजगी भांडणाशी मालकाचा संबंध नाही. परंतु भांडणाचे मूळ कारखान्यातील व्यवहारात असेल, तर स्थळ बाहेरचे असले तरी शिस्तीचा प्रश्न उद्भवतो. त्या प्रकरणात हल्ल्याचे मूळ उत्तेजनार्थ बोनसच्या योजनेत होते. याउलट ग्लॅक्सो लॅबोरेटरीजच्या १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या निर्णयात न्यायालयाने स्थायी आदेशातील ‘आवारात अथवा त्याच्या निकट’ या शब्दांवर भर दिला आणि मालकाची शिस्त कामगाराच्या पाठोपाठ सर्वत्र जाऊ शकत नाही, अशी भूमिका घेतली. यावरून दिसते ते असे की, भांडणाचे मूळ आणि नियमाची शब्दरचना ही दोन्ही पाहावी लागतात. आपल्या उदाहरणात भांडण जादा कामावरून झाले, ही गोष्ट मालकाच्या बाजूची आहे. मात्र नव्या संहितेतील स्थायी आदेशांची तरतूद ३०० वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांपुरती आहे. लहान कारखान्यात असा लिखित नियम नसेल, तर कोणत्या नियमाचा भंग झाला हे मालकास अधिक स्पष्टपणे दाखवावे लागेल.

दुसरा प्रश्न सिद्धतेचा. अंतर्गत चौकशीत फौजदारी खटल्याइतका कठोर पुरावा लागत नाही. ऐकीव पुरावाही केवळ त्या कारणाने त्याज्य ठरत नाही, असे हरियाणा राज्याच्या १९७७ च्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे. परंतु चौकशी करणारा तटस्थ असलाच पाहिजे. मीनग्लास टी इस्टेटच्या १९६३ च्या निर्णयातील हकीकत येथे फार बोधप्रद आहे. चहाच्या त्या मळ्यात कामगारांच्या जमावाने व्यवस्थापकास व त्याच्या साहाय्यकांना मारहाण केल्याचा आरोप होता आणि ज्यांच्यावर हल्ला झाला तेच चौकशी करावयास बसले. न्यायालयाने ती चौकशी ग्राह्य मानली नाही. मार खाणारा हा साक्षीदार होऊ शकतो, न्यायाधीश होऊ शकत नाही. आपल्या उदाहरणातील मुकादम मालकाशेजारी बसला, एवढ्यानेच ती चौकशी दूषित होते. अर्थात येथे मालकाची बाजू संपली असे नव्हे. फायरस्टोन कंपनीच्या १९७३ च्या निर्णयानुसार चौकशी सदोष असली किंवा झालीच नसली, तरी मालकास न्यायाधिकरणापुढे मूळ पुरावा देऊन आरोप सिद्ध करण्याची संधी असते.

तिसरा प्रश्न शिक्षेच्या प्रमाणाचा, आणि खरी कसोटी येथेच लागते. अपशब्द व धमकी यांच्या प्रकरणांत न्यायालयाचा कल एकसारखा राहिलेला नाही. १९८२ च्या उत्तर प्रदेशातील एका प्रकरणात कामगाराची दीर्घ निष्कलंक सेवा विचारात घेऊन बडतर्फीऐवजी दोन वेतनवाढी रोखण्यात आल्या. १९८४ साली डेल्टन केबल कंपनीच्या प्रकरणात केवळ शिवीगाळीबद्दलची बडतर्फी प्रमाणाबाहेरची ठरली. उलट महिंद्र अँड महिंद्र कंपनीच्या २००५ च्या प्रकरणात कामगार न्यायालयाने सौम्य केलेली शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली आणि कलम ११-क खालील विवेकाधिकार अमर्याद नाही, असे बजावले. त्याच वर्षी होम्बे गौडा शिक्षणसंस्थेच्या प्रकरणात प्राचार्यावर हात उचलणाऱ्या अध्यापकाची बडतर्फी कायम झाली. शब्द आणि प्रहार यांतील भेद, चिथावणी, इजेचे स्वरूप आणि पूर्वसेवा ही या निर्णयांतून हाती येणारी मापे होत. बारा वर्षांच्या निष्कलंक सेवेला कामगाराच्या बाजूने वजन आहे. तथापि केवळ जादा काम बंद झाले, ही प्रहारास पुरेशी चिथावणी मानता येणार नाही.

लवादापुढे अखेर दोन माणसे उभी असतात. बडतर्फीचा शिक्का बसलेल्या कामगारास त्याच वसाहतीत दुसरे काम मिळणे कठीण होते. मुकादमास, ज्याने आपल्याला मारले त्याच्याच शेजारी, अरुंद जागेत, फिरत्या यंत्रांमध्ये दिवस काढावा लागेल. म्हणून बडतर्फी किंवा मागील वेतनासह पूर्ववत नेमणूक, एवढ्या दोन टोकांतच लवादाने अडकून राहू नये. मागील वेतन नाकारून पुनःस्थापना, वेतनवाढ रोखणे, अथवा पुनःस्थापनेऐवजी भरपाई हे मार्गही त्याच्यापुढे असतात. यांपैकी कोणताही मार्ग त्याने निवडला, तरी वरील तिन्ही प्रश्नांची वेगवेगळी आणि सकारण उत्तरे त्याच्या निवाड्यात असली पाहिजेत. ज्या निवाड्यात ती नाहीत, तो हरणाऱ्या पक्षास पटणार नाही आणि उच्च न्यायालयात टिकेलच याचीही शाश्वती देता येणार नाही.