दाढीनंतरच्या पुळ्या : ट्यूब नको, आधी वस्तरा थांबवा

गेल्या पावसाळ्यात विहारात आम्ही आरोग्य तपासणी ठेवली होती. रक्तदाब आणि साखर तपासायला रांग लागली होती. बावीस-तेवीस वर्षांचा एक मुलगा मात्र तोंडाला रुमाल बांधून मागेच उभा होता. आईने हाताला धरून पुढे आणला. रुमाल सोडला, तर हनुवटीखाली, जबड्याच्या कडेने आणि गळ्यावर पुळ्याच पुळ्या. काही लाल, काही पिकलेल्या, जुन्यांच्या जागी काळे डाग. गाल लालबुंद आणि कातडी इतकी पातळ की आतल्या बारीक शिरा दिसत होत्या.

मुलगा सिक्युरिटी गार्ड. सुपरवायझर रोज दाढी बघतो, खुंट दिसले की ड्युटी लावत नाही. म्हणून रोज पहाटे घाईघाईत कोरड्या तोंडावर रेझर, आधी सुलटा हात, मग उलटा. पुळ्या आल्यावर औषधाच्या दुकानातून विचारून एक ट्यूब आणली. आठ दिवसांत बरं वाटलं. ट्यूब थांबवली की पुळ्या दुपटीने. असे पाच महिने गेले. आईने हळूच विचारलं, "सिस्टर, याचं रक्त खराब झालंय का?"

रक्त खराब झालेलं नव्हतं. हा घाणीचा रोग नाही, अंगातल्या उष्णतेचा नाही आणि पोट साफ न होण्याचाही नाही. दुखणं होतं वस्तऱ्याचं आणि त्याच्यावर भर घातली होती त्या ट्यूबने.

पुळी येते कशी?

कुरळा किंवा जाड केस कातडीच्या अगदी लगत कापला की त्याला तिरपं, अणकुचीदार टोक येतं. केस वाढताना वळतो आणि ते टोक शेजारच्या कातडीत घुसतं. कातडी ताणून किंवा उलटा हात मारून दाढी केली, तर कापलेला केस कातडीच्या आत ओढला जातो आणि बाहेर न येता आतल्या आतच टोचतो. बोटात कुसळ गेल्यावर बोट जसं सुजतं, तसंच हे. शरीर आपल्याच केसाला परकं समजून त्याच्याशी लढतं. पुळीत पू दिसला तरी सुरुवातीला तिथे जंतू असतीलच असं नाही. नंतर नखाने फोडली, मळका टॉवेल लागला, की जंतू शिरतात.

ज्यांचे केस कुरळे, त्यांना हा त्रास जास्त. अमेरिकेत कृष्णवर्णीय पुरुषांमध्ये तो फार आढळतो. म्हणूनच तिथल्या लष्करात डॉक्टरी चिठ्ठीवर थोडी दाढी ठेवायची सवलत अनेक वर्षं दिली गेली.

पहिला उपाय : थांबा

पुळ्या असतील तर तीन-चार आठवडे वस्तरा आणि रेझर बंद. पहिल्या आठवड्यात खाज वाढल्यासारखी वाटते, घाबरू नका. केस वाढले की अडकलेली टोकं आपोआप मोकळी होतात. नोकरीमुळे दाढी वाढवता येत नसेल, तर ट्रिमर वापरा आणि निदान एक मिलिमीटर खुंट राहू द्या. चेहरा नीटनेटका दिसतो, केस कातडीत शिरत नाही. कामावर ऐकत नसतील तर सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांकडून चिठ्ठी घ्या. आम्ही त्या मुलाला तीच मिळवून दिली.

कोमट पाण्यात बुडवून पिळलेलं स्वच्छ फडकं दिवसातून दोन-तीनदा, दहा-दहा मिनिटं पुळ्यांवर ठेवा. वळलेला केस वर दिसत असेल, तर उकळून घेतलेल्या सुईने त्याचं टोक फक्त उचलून मोकळं करा. चिमट्याने उपटू नका, नवा केस पुन्हा आतच फुटतो. आत दबलेल्या केसासाठी खोदू नका. लिंबू, टूथपेस्ट, पाणी न घातलेलं डेटॉल यांतलं काहीही लावू नका. सुजलेली कातडी त्याने भाजते.

पुन्हा दाढी करताना

आधी अंघोळ, मग दाढी. पाच मिनिटं तरी केस कोमट पाण्याने भिजू द्या. भिजलेला केस मऊ होतो आणि त्याला टोक कमी येतं. साबणाचा किंवा क्रीमचा भरपूर फेस करा. केस ज्या दिशेने वाढतात त्याच दिशेने हात चालवा. गळ्यावर ही दिशा जागोजागी बदलते, आधी बोट फिरवून पाहा. कातडी ताणू नका, रेझर दाबू नका, एकाच जागी पुन्हा पुन्हा फिरवू नका. तीन-चार पात्यांचं महाग रेझर फार खोल कापतं. अशा कातडीला एका पात्याचं बरं. पातं पाच-सहा दाढ्यांनंतर बदला, बोथट पातं ओढतं. शेवटी गार पाणी मारा, टॉवेलने टिपून घ्या आणि वास नसलेलं साधं मॉइश्चरायझर लावा. झोंबणारं आफ्टरशेव्ह लागतच नाही.

त्या ट्यूबमध्ये काय असतं?

तुमच्या घरातली ट्यूब काढा आणि बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन यांपैकी एखादं नाव दिसलं तर ते स्टिरॉइड आहे. स्टिरॉइड सूज दाबतं, म्हणून दोन दिवसांत बरं वाटतं, पण केस आत तसाच असतो. महिनोन्‌महिने चेहऱ्यावर लावलं तर कातडी पातळ होते, लाल पडते, बारीक पुळ्या उठतात. नायटा असेल तर तो पसरतो. गोरं करणाऱ्या म्हणून मिळणाऱ्या काही क्रीममध्येही हेच असतं.

2018 साली केंद्र सरकारने बरीच स्टिरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये घातली. म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकायला मनाई आहे. आपल्या बस्तीत मात्र ती बिस्किटासारखी मिळतात. दवाखान्यात जायचं तर रोज बुडतो, म्हणून लोक दुकानातच विचारतात. ही अडचण आम्हाला ठाऊक आहे. तरीही सांगतो, चेहऱ्याची ट्यूब विचारून घ्यायची नाही. जे अनेक महिने लावत आले आहेत त्यांनी डॉक्टरांना दाखवून बंद करावी. एकदम थांबवली तर चेहरा उसळून येतो.

नवं ब्लेड मागा

साताऱ्यात न्हावी अस्पृश्यांचे केस कापत नसत, म्हणून थोरली बहीण आपले केस कापायची, असं बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. आज आपण सलूनच्या खुर्चीत हक्काने बसतो. मग 'दादा, नवं ब्लेड लावा' म्हणायला लाजायचं कशाला? ब्लेड आपल्यासमोर मोडून लावलेलं हवं, टॉवेल धुतलेला हवा. सगळ्यांच्या गालावरून फिरलेला तुरटीचा खडा नको. कावीळ 'ब'चा विषाणू वाळलेल्या रक्तातसुद्धा निदान सात दिवस जिवंत राहतो. घरातही बापलेकांनी एक रेझर वापरू नये.

श्रामणेर शिबिरात तर हे फार जपायला हवं. पंधरा-वीस मुलांची डोकी एकामागून एक भादरली जातात, घाईत ब्लेड तेच राहतं. भिक्खूच्या अष्टपरिष्कारात चीवर आणि भिक्षापात्राबरोबर वस्तराही असतो. ज्याचा त्याचा वस्तरा वेगळा, हे आपल्याकडे पहिल्यापासून आहे. संयोजकांनी शिबिराच्या यादीत डोक्यागणिक एक ब्लेड लिहावं. खर्च चहापेक्षा कमी.

बहिणींसाठी

काखेत आणि जांघेत वस्तरा फिरवल्यावर येणाऱ्या पुळ्या याच जातीच्या. बायका त्या दाखवत नाहीत, सोसतात. तिथले केस काढलेच पाहिजेत असा आरोग्याचा कोणताही नियम नाही. कात्रीने बारीक केले तरी पुरे. केस काढायची क्रीम वापरणार असाल तर आदल्या दिवशी हातावर थोडी लावून पाहा. सोललेल्या कातडीवर लावू नका.

नर्सिंग शिकताना बाळंतपणाआधी सरसकट केस भादरायला आम्हाला शिकवलं होतं आणि वॉर्डात आम्ही ते केलंही. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 च्या मार्गदर्शनात ही सरसकट पद्धत नको म्हणून सांगितलं आहे. आम्हीही शिकलेलं सोडलं, तुम्हीही सोडा. दवाखान्यात जायच्या आदल्या रात्री घरी वस्तरा चालवू नका.

डॉक्टरांना कधी दाखवाल?

महिनाभर थांबूनही पुळ्या न गेल्यास, ताप किंवा मोठं गळू आल्यास, गोल चट्टे पडून केस सहज गळत असल्यास, पुळीच्या जागी किंवा मानेमागे कडक गाठी वाढू लागल्यास. या गाठी सुरुवातीलाच आवरतात, पुढे अवघड जातं. सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात केसपेपर काढा. जाताना ट्यूब सोबत न्या, लपवू नका.

तो मुलगा दोन महिन्यांनी पुन्हा आला. गळा बराच साफ झाला होता, डाग फिके पडत होते. गालांना अजून वेळ लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलंय. तोंडाला रुमाल मात्र नव्हता.